गप्पी की गंबुशिया?
भाऊ, मरळ माशाला खाऊ म्हणून गावच्या हौदातून आणलेल्या माशांत गप्पी कोणते नि गंबुशिया कोणते, हा तुमचा प्रश्न. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून हौदात दोन्ही सोडतात, मिसळ होणारच. रंगीत शेपटीचा नर दिसला की तो गप्पी. घोळ सगळा माद्यांचा, दोन्ही मळकट राखाडी. काचेच्या बरणीत घेऊन उजेडाकडे धरा. शेपटीवर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी, पाठीचा पर पार मागे सरकलेला आणि डोळ्याखाली काजळ ओघळल्यागत डाग दिसला, तर गंबुशिया समजा. पोटामागच्या काळ्या डागावर जाऊ नका, तो गाभण्या माद्यांत दोन्हीकडे असतो. गंबुशिया बारक्या पिलांजवळ ठेवू नका, पर कुरतडतात. अन् उरलेले नाल्यात तर मुळीच सोडू नका. देशी माशांची अंडी-पिलं फस्त करतात.