मदत हवी आहे: मूल लोहाचे औषध थुंकून टाकते

माझ्या तीन वर्षांच्या मुलाचे हिमोग्लोबिन ९.४ आले असून (या वयात ते किमान ११ असायला हवे) बालरोगतज्ज्ञांनी त्याला तीन महिन्यांसाठी लोहाचे पातळ औषध लिहून दिले आहे. जंताचे औषध देऊन झाले आहे आणि मात्राही पुन्हा विचारून घेतली आहे, त्यामुळे प्रश्न केवळ ते पोटात जाण्याचा आहे. चमचा दिसताच तो ओठ घट्ट मिटतो. कसेबसे पाजलेच, तर घोट गालात धरून ठेवतो आणि माझी पाठ वळताच उशीच्या अभ्र्यावर थुंकतो. ते डाग निघतही नाहीत, पण तो वेगळा विषय.

ड्रॉपरने गालाच्या आतल्या बाजूस सोडून पाहिले, नंतर गुळाचा खडा देण्याचे आमिष दाखवले. लिंबाच्या सरबतातून काही दिवस सुरळीत गेले, पुढे मात्र त्याला वास ओळखू येऊ लागला. दुधात मिसळता येत नाही, कारण दुधामुळे लोह नीट शोषले जात नाही. शिवाय सासूबाई त्याला सकाळ-संध्याकाळ दूध देतात आणि दिवसा तो पाळणाघरात असतो, जिथे औषध दिले जात नाही. नाचणी, खजूर आणि अळीव आहारात आहेतच, परंतु तेवढ्यावर भागणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे.

अशा परिस्थितीत आपण औषधाची कोणती वेळ ठरवली होती, आणि कशाबरोबर दिल्यावर ती धातूसारखी चव मुलाला जाणवली नाही?