पणजी बसस्थानक ते दोना पावला: ट्राम हवी की बस?

मिरामारवासी
कदंब या गोव्याच्या सरकारी बससेवेच्या स्थानकावरून निघून मांडवीच्या काठाने बांदोडकर मार्ग, कांपाल, मिरामार आणि शेवटी दोना पावला असा हा सात-आठ किलोमीटरचा पट्टा. बाजार, कला अकादमी, कॉलेज, सगळं याच रस्त्याला लागून. इथे नुसत्या बशी वाढवून भागणार नाही, ट्रामच घालायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

१२ मीटरच्या बसमध्ये उभे-बसलेले धरून साठ-सत्तर माणसं मावतात. ३० मीटरच्या ट्राममध्ये दोनशेच्या आसपास, आणि चालक एकच. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो भरवसा. बसचा मार्ग कागदावर असतो. उतारू घटले की फेरी बंद, काळोख पडला की थांब्यावर ताटकळत बसा. म्हणून तर पोरगं अठराचं झालं की घरात आधी स्कूटर येते. रस्त्यात रूळ असला की त्याच्या जोरावर माणूस भाड्याची खोली बघतो, लांबची नोकरी धरतो. लिस्बनच्या जुन्या वस्तीत ९०० मिलिमीटरच्या रुळांवर ट्राम अगदी गल्लीबोळांतून जाते; त्यामानाने आपला बांदोडकर मार्ग ऐसपैस आहे.

सांतइनेजकर
साफ असहमत. रूळ घातले म्हणजे सेवा टिकते, हे कुठे दिसलं? मुंबईने १९६४ मध्ये ट्राम गुंडाळली. कोलकात्यात १८७३ मध्ये सुरू झालेली ट्राम आकसत आकसत मोजक्या मार्गांवर आली. लांब कशाला, मडगावचा स्कायबस आठवा, उंच खांबांवरच्या रुळाला लटकून धावणारी ती गाडी. २००४ मध्ये चाचणीच्या वेळी अपघात होऊन एक जण गेला आणि प्रकल्प तिथेच अडला. खांब मात्र पुढे कित्येक वर्षं उभे होते.

शिवाय रूळ घालायचे तर त्याखालच्या मलनिस्सारणाच्या आणि पाण्याच्या वाहिन्या आधी बाजूला घ्याव्या लागतात. नाहीतर दर गळतीला ट्राम बंद ठेवून रस्ता फोडावा लागेल. स्मार्ट सिटीच्या कामात पणजीने काय सोसलं ते विसरलात का? भरलेले ट्रक रस्त्यात रुतत होते, दुकानदार दारावर ओली पोती टांगून धूळ अडवत होते. तेच पुन्हा? वर आपला पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात. रुळाच्या खोबणीत वाळू-चिखल बसणार, तो रोज काढायला माणसं लागणार.

आणि शिगम्याचं काय? मिरवणूक निघाली की बस आतल्या रस्त्याने वळवता येते. ट्राम कुठे वळवाल? वरच्या तारेखालून चित्ररथ तरी जातील का?

मिरामारवासी
तारेचा प्रश्न सुटलेला आहे, बॅटरीवर चालणाऱ्या ट्राम आहेत. शिगम्याच्या संध्याकाळी सेवा कांपालच्या अलीकडे थांबवावी लागेल, ते मान्य. पण वर्षातल्या दोन-चार संध्याकाळींसाठी बाकीचं वर्ष सोडायचं का?

निवृत्त वाहक
मी कदंबात वाहक होतो, म्हणून वेळ नेमका कुठे जातो ते सांगतो. थांब्यावर तीस माणसं एकाच दाराने चढली, माणशी चार सेकंद धरले, तर दोन मिनिटं तिथेच गेली. मग आत तिकिटं फाडत, सुट्ट्या पैशांसाठी हुज्जत घालत, ‘फुडें वचात, फुडें वचात’ (पुढे चला) म्हणत वाहक गर्दीतून सरकतो. खाजगी बशीत तर दिवसाच्या गल्ल्यावर कमाई ठरते, त्यामुळे गाडी भरल्याशिवाय चालकाचा पाय उचलत नाही. मागे दुसरी दिसली की मग शर्यत.

यावरचा उपाय आपल्याच बसस्थानकात आहे. म्हापसा, मडगावच्या शटलला खिडकीवर तिकीट काढून रांगेत चढायचं, उभं कोणी नाही, वाटेत थांबा नाही. दुपारी कितीही गर्दी असो, रांग पुढे सरकताना दिसते. तेच तिकीट मिरामारला, कांपालला थांब्यावरच मिळू द्या, बसला दोन रुंद दारं आणि खालची पायरी द्या. एकही रूळ न घालता निम्मा वेळ वाचेल.

मिरामारवासी
काका, शटल धावते ती वाटेत थांबत नाही म्हणून. इथे दर अर्ध्या किलोमीटरला थांबा लागणार. आणि रस्ता मोकळा कोण ठेवणार? दिल्लीने २००८ मध्ये बससाठी वेगळी मार्गिका केली. गाडीवाल्यांनी ओरड केली आणि २०१६ मध्ये ती उखडली. रंगाचा पट्टा पुसायला वेळ लागत नाही, माझी भीती तीच आहे.

सांतइनेजकर
अहमदाबादची बसमार्गिका २००९ पासून चालू आहे, तेही सांगा. आणि मार्गिका राखायची धमक नसेल तर रुळावरही गाड्या उभ्या राहतील. बस निदान त्यांना वळसा घालून जाईल, ट्राम घंटा वाजवत मागे उभी राहील.

दोना पावलाची विद्यार्थिनी
तुम्ही दोघं भांडताय त्या रस्त्यावर मी रोज उभी असते. नदीकडच्या कडेला कॅसिनोंना येणाऱ्यांच्या गाड्यांची रांग लागते, थांब्यावरची बस तिरकी उभी राहते, आणि आम्ही भर रस्त्यात उतरून चढतो. ती रांग उठवायला कोण तयार आहे, ते आधी सांगा. मला रात्री नऊनंतर दर पंधरा मिनिटांनी काहीतरी हवं आहे, चाक रबराचं असो की लोखंडाचं.

मिरामारवासी
रांग उठवायला मी तयार आहे. पण बससाठी तेवढी जागा मिळवली की सरकार ट्रामचं नाव काढणार नाही, म्हणून मार्गिका पहिल्याच दिवसापासून रुळाच्या मापाने आखून घ्या.

सांतइनेजकर
मापाने आखा, हरकत नाही. खोदायला मात्र माझा विरोध राहील.