गूगलपासून सुटायला गूगलचाच फोन?

टिळकवाडीकर: जुन्या रेडमीवर कंपनीच्या अँड्रॉइडऐवजी लिनिएजओएस ही दुसरी अँड्रॉइड सिस्टीम टाकली की प्रायव्हसी आली, असं आपल्याकडं बरेचजण धरून चाललेत. मला पटत नाही. ती टाकायला बूटलोडर, म्हणजे फोन चालू होताना सिस्टीम सुरू करणारा भाग, अनलॉक करावा लागतो आणि बहुतेक फोनवर नंतर तो तसाच उघडा ठेवावा लागतो. फोन दुसऱ्याच्या हातात पडला तर सिस्टीमशी खेळणं सोपं. ग्राफीनओएस ही प्रायव्हसीसाठी बनवलेली सिस्टीम सध्या गूगलच्या पिक्सेल फोनवरच चालते, पण तिथं बूटलोडर परत लॉक होतो. सेकंडहँड पिक्सेल ६ए बघा, जुलै २०२७ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत.

खडेबाजारवाला: गूगल नको म्हणून गूगलचाच फोन! बरं, दुकानात दिवसभर यूपीआय. काही ॲप ‘प्ले इंटिग्रिटी’ ही फोन आणि सिस्टीम अस्सल आहे का बघणारी गूगलची चाचणी लावतात, ग्राफीन त्यात पूर्ण पास होत नाही. बँकेचं ॲप उघडलं नाही तर गिऱ्हाइकाला काय, तत्त्वज्ञान सांगू?

टिळकवाडीकर: शेठ, सेकंडहँडचे पैसे गूगलला जात नाहीत की. बँकेचं म्हणणं मात्र खरं आहे. बऱ्याच ॲपना लागणाऱ्या गूगलच्या प्ले सर्व्हिसेस ग्राफीनमध्ये साध्या ॲपसारख्या, खास अधिकारांशिवाय चालतात. बरीच ॲप तेवढ्यावर भागवतात, काही अडतात. आपल्या बँकेचं आधी विचारून घ्यायचं.

खानापूरच्या बाई: आणि व्हॉट्सॲप? शाळेचा, भिशीचा, भजनी मंडळाचा ग्रुप तिथंच. मागचं दार सताड उघडं ठेवून पुढं कुलूप कशाला?

निपाणीकर: बाई, कुलूप तिथंही लागतं. ग्राफीनमध्ये कॉन्टॅक्ट स्कोप्स आहे, तुम्ही निवडाल तेवढेच नंबर व्हॉट्सॲपला दिसतात. गूगलच्या जीबोर्ड कीबोर्डवर मराठी-कन्नड उतरवून घेतलं की त्याची नेटवर्क परवानगी काढून टाकायची, टायपिंग चालूच राहतं. मला तर हे सगळ्यात आवडलं.

पण टिळकवाडीकर, लिनिएजला एवढं झोडपू नका. आईच्या फोनला कंपनीनं अपडेट देणं कधीच बंद केलं. लिनिएजमुळं निदान अँड्रॉइडचे पॅच तरी येतात. प्रत्येकाला पिक्सेल कुठला परवडायला?

टिळकवाडीकर: जुना फोन चालता ठेवायला लिनिएज चांगलंच, त्याला ना नाही. त्याला प्रायव्हसीचा फोन म्हणू नका, एवढंच.

खडेबाजारवाला: दुकानाचा फोन आहे तसाच राहणार. पोराला मात्र पिक्सेल बघालोय. घेताना काय तपासू?

निपाणीकर: सेटिंग्जच्या डेव्हलपर ऑप्शन्समधलं ‘ओईएम अनलॉकिंग’, म्हणजे बूटलोडर उघडायची परवानगी, चालू होतंय का ते. अमेरिकेतनं आलेल्या व्हेरायझन या मोबाइल कंपनीच्या फोनात ते बंदच असतं, मग ग्राफीन चढतच नाही. नेट जोडून बघा, पैसे नंतर.