ॲल्युमिनियमच्या होडीत डेक टाकून ती उथळ पाण्यात जाते कशी?

रिव्हेटवाला : काल इथे एकाने छातीठोकपणे लिहिलं, जुनी ॲल्युमिनियमची होडी घ्या, आत प्लायवूडचा डेक, म्हणजे उभं राहायला सपाट फळी, टाका, मोटर वर उचला, वीतभर पाण्यात खुशाल जाल. वाचून राहवलं नाही. डेकने वजन वाढतं आणि होडी तेवढी खाली बसते. सपाट तळ ४ मीटर लांब, १.२ मीटर रुंद धरा. ४८ किलो चढले की होडी १ सेंटिमीटर खाली गेलीच. डेक, बॅटऱ्या, भरलेली टाकी, त्यात तुम्ही, करा बेरीज. उथळ पाण्यासाठी होडीतून सामान काढायचं असतं.

दलदल : ते मीच लिहिलं होतं. तुमचा हिशोब नुसत्या तळाचा आहे. तळाला माती लागायच्या आधी मोटरचा पंखा लागतो! जॅक प्लेट, म्हणजे मोटर वर-खाली करणारी पट्टी, लावून मोटर वर घेतल्यापासून माझा पंखा दगडावर आपटलेला नाही. आणि उभं राहून गळ टाकायला डेक नको?

वल्हेकरी : मोटर वर घेतलीत, पण थंड राहायला पाणी ओढायची तिची भोकं पाण्यात राहतात का? तिथे हवा शिरली की इंजिन तापलंच.

दलदल : पाण्याच्या दाबाचा काटा बसवलाय. नजर असते.

गंजवैरी : मोटरचं राहू द्या, प्लायवूड कुठलं? कीड लागू नये म्हणून तांब्याच्या औषधात मुरवलेलं असेल तर ओल लागताच ते ॲल्युमिनियम खातं. मामाच्या होडीचा डेक उचलला तेव्हा खाली पांढरी भुकटी आणि तळाला टाचणीएवढी भोकं. विकणाऱ्याने बिनधास्त वापरा म्हणून सांगितलं होतं. तळाला तांबं मिसळलेला रंग लावणाऱ्यांचंही तेच होतं.

दलदल : माझ्या प्लायवूडला इपॉक्सीचे, म्हणजे ओल अडवणाऱ्या राळेचे, हात दिलेत.

गंजवैरी : स्क्रू घुसला तिथून ओल जाणारच. आणि स्टेनलेसचे स्क्रू थेट पत्र्यात मारलेत ना? खाऱ्या पाण्यात नेमकं त्यांच्याभोवती पोखरतं. मध्ये नायलॉनचे वायसर हवेत.

रिव्हेटवाला : अहो, विषय होडी किती बुडते हा आहे.

दलदल : कुठलाही धागा काढा, यांचा गंज हजर! होडी माझी, पैसे माझे.

वल्हेकरी : आवाज चढवू नका. होडीत तुमच्याबरोबर दुसरी माणसंही बसतात. डेकसाठी बाकं कापलीत, मग त्यांखालचा फोम कुठे गेला? होडीत पाणी भरलं तर तिला तरंगत ठेवणारा तोच. शिवाय उंच डेकवर दोघं एका कडेला गेले की होडी कलंडते.

दलदल : फोम डेकखाली परत भरलाय. डेकही खालीच आहे, गुडघ्याच्या बराच खाली.

रिव्हेटवाला : मोटर उचलण्याचं मान्य, पण तेवढंच. मागची बाजू खरोखर वर हवी असेल तर मोटरच्या दोन्ही बाजूंना ॲल्युमिनियमचे पोकळ डबे वेल्ड करून घ्या आणि बॅटरी नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला, हलवा.

दलदल : बॅटरी हलवतो. प्लायवूड काढून ॲल्युमिनियमचा पत्राही टाकेन, पण वजनासाठी. गंजाच्या धाकाने नाही.

गंजवैरी : कारण काहीही असो, प्लायवूड निघतंय ना. डेक उघडाल तेव्हा फोम उचलून बघा. जड लागला तर पाणी प्यायलाय, तो बदला.