शिकाऊ हात, १२५ची गाडी: झटके, बंद पडणं आणि न सापडणारं न्यूट्रल

शिकाऊ१२५

जुनी घेतलेली १२५ सीसी गाडी आहे. एअर-कूल्ड इंजिन, कार्बोरेटर, पाच गिअर (एक खाली, चार वर), पुढे-मागे ड्रम ब्रेक. चालवायला शिकणं आत्ताच सुरू झालंय. तक्रारी अशा:

पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना पाचात दोनदा गाडी बंद पडते. उभ्या गाडीत न्यूट्रल सापडत नाही, पहिल्यातून थेट दुसऱ्यात जाते. ऍक्सिलरेटर सोडून पुन्हा दिला की झटका बसतो आणि खालून खडखड येते. सकाळी पहिला गिअर टाकताना ‘खडाक’ असा मोठा आवाज येतो.

यातलं हाताचं किती आणि गाडीचं किती, हे कसं ओळखायचं? गाडीबरोबर माहितीपुस्तिका मिळालेली नाही. १०-१२, १४-१७चे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि मोजपट्टी एवढं सामान घरात आहे.

पानापकड

आधी गाडी, मग हात. ज्या गाडीचा क्लच नीट सुटत नाही तिच्यावर क्लच शिकायला गेलं तर चुकीची सवयच पक्की होते.

क्लचच्या लिव्हरचं टोक बोटाने हलकेच ओढा. वायर ताणली जाईपर्यंत ते जितकं मोकळं हलतं तो ‘प्ले’. पट्टी लावून मोजा. या वर्गातल्या बहुतेक गाड्यांत टोकाशी १० ते २० मिमी प्ले हवा. तो ३०-३५च्या पुढे गेला असेल तर लिव्हर पूर्ण दाबूनही क्लचच्या प्लेटा (इंजिनची ताकद चाकाकडे नेणाऱ्या चकत्या) एकमेकींपासून सुटत नाहीत, इंजिन चाकाला थोडं ओढतच राहतं. न्यूट्रल न सापडणं, गिअर टाकताना खडाक आणि क्लच दाबलेला असतानाही गाडी पुढे सरकणं, ही तिन्ही लक्षणं इथलीच.

शहानिशा अशी करा. गाडी डबल स्टँडवर घ्या, इंजिन गरम होऊ द्या, पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण दाबा. मागचं चाक हळू फिरेल, तेवढं चालतं, कारण ऑइलची ओढ असतेच. पण मागचा ब्रेक हलका दाबल्यावर चाक लगेच थांबलं पाहिजे. ब्रेकशी झगडत असेल, इंजिनचा आवाज दबत असेल, तर क्लच सुटत नाही असं समजा. चाकाजवळ कुणी हात घालणार नाही एवढं बघा.

आता प्ले लावणं. लिव्हरपाशी हाताने फिरणारा ऍडजस्टर असतो, तो बारीक फरकासाठी. मोठा फरक इंजिनकडच्या टोकाला असलेल्या दोन नटांवर काढायचा. वरचा ऍडजस्टर बराच बाहेर आलेला दिसला तर आधी तो जवळजवळ पूर्ण आत घ्या, खालून प्ले लावा आणि वर थोडी जागा पुढच्या वेळेसाठी ठेवा. शेवटी ऍडजस्टरची खाच आणि लिव्हरची खाच एका रेषेत राहू देऊ नका. तिथून पाणी शिरतं आणि वायर आतून गंजते.

वायर काढलीच आहे तर लिव्हरमध्ये अडकणारं शिशाचं बोंड नीट बघा. तिथे एखादी तार जरी तुटलेली दिसली तर वायर बदला. उरलेल्या तारा फार दिवस टिकत नाहीत.

प्ले शून्यावरही आणू नका. मग उलटा त्रास होतो: प्लेटा पूर्ण दाबल्या जात नाहीत, घसरतात. चढावर वरच्या गिअरमध्ये रेस वाढते पण वेग वाढत नाही. अशा प्लेटा लवकर जळतात.

सकाळच्या पहिल्या गिअरला थोडा ‘खट्’ येणारच. रात्रभरात प्लेटा थंड ऑइलने चिकटतात. गाडी बंद असताना, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबून किक दोन-तीनदा मारा आणि मग चालू करा, आवाज कमी होईल. त्यानंतरही दिवसभर खडाक येत राहिला तर मात्र प्ले, नाहीतर आयडलिंग (ऍक्सिलरेटर न देता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) जास्त.

मंदगती

पानापकड यांच्या शेवटच्या शब्दावरून पुढे. आयडलिंग गरम इंजिनवर साधारण १४०० आरपीएम (मिनिटाला फेरे) असावं. टॅकोमीटर (हे फेरे दाखवणारं मीटर) नसेल तर एक साधी खूण आहे. सपाट जागेवर, ऍक्सिलरेटरला हात न लावता, पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळूहळू पूर्ण सोडता आला आणि गाडी न अडखळता चालत राहिली, तर आयडलिंग पुरेसं आहे. प्रत्येक वेळी मरत असेल तर कार्बोरेटरवरचा मोठा आयडल स्क्रू पाव-पाव फेरा आत घ्या. त्याच्याजवळचा बारीक स्क्रू हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा असतो, त्याला हात लावू नका. (पुढेमागे फ्युएल इंजेक्शनची गाडी घेतलीत तर हा प्रयोगच करू नका. तिथे आयडलिंग कॉम्प्युटर सांभाळतो, आणि बिघाड बहुतेक वेळा मळलेल्या थ्रॉटल बॉडीत असतो.)

चोक (थंड इंजिन चालू करताना ओढायचा खटका) ओढलेला राहिला नाही ना, हेही बघा. आणि गाडी चालू ठेवून हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. रेस आपोआप वाढली तर ऍक्सिलरेटरची वायर कुठेतरी ताणली जाते आहे. तिथे २ ते ६ मिमी प्ले लागतो. हळू वेगात वळताना गाडी अचानक पुढे झेपावण्यामागे हे कारण सापडतं, आणि दोष नवशिक्याच्या मनगटाला जातो.

आता हाताचा भाग. पहिले दोन दिवस ऍक्सिलरेटर विसरा. क्लच सोडत जा, गाडी हलायला लागली की तिथेच पुन्हा दाबा. वीस-पंचवीस वेळा. हाताला ‘धरण्याची जागा’ कळली पाहिजे. मग रेस आयडलिंगच्या किंचित वर स्थिर ठेवून तेच करा. नवशिक्याची चूक जवळजवळ नेहमी एकच असते: गाडी हलली की सुटलो असं वाटून उरलेला क्लच एकदम सोडला जातो. गाडी मीटर-दोन मीटर पुढे जाईपर्यंत लिव्हर त्या जागेवर धरून ठेवायची.

बोटं लिव्हरपर्यंत ताणावी लागत असतील तर लिव्हरच्या ब्रॅकेटचा बोल्ट सैल करा आणि ती थोडी खाली फिरवा. कोपरापासून बोटांपर्यंत हात सरळ रेषेत आला पाहिजे. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, पण गाडी घेतल्यावर कुणी करत नाही.

न्यूट्रल चाक फिरत असतानाच टाका. थांबण्याच्या जरा आधी, दुसऱ्या गिअरमध्ये असताना, खाली अर्धा हलका टप्पा. उभ्या गाडीत गिअरचे दात एकमेकांवर टेकून बसतात, जागा मिळत नाही. अशा वेळी गाडी पुढे-मागे थोडी हलवा, किंवा क्लच केसभर सोडून पुन्हा दाबा आणि मग पाय लावा. पाय आपटू नका, गिअर सरकवणारा आतला फोर्क वाकतो.

तेलाचा_डबा

झटका आणि खडखड ही चेनची भाषा आहे. सैल चेनमध्ये ऍक्सिलरेटर सोडला की ढिलाई एका बाजूला जाते, दिला की दुसऱ्या बाजूला, आणि मधला रिकामा प्रवास झटक्याने संपतो.

डबल स्टँड, न्यूट्रल, इंजिन बंद. दोन्ही स्प्रॉकेटांच्या (चेनच्या दातेरी चाकांच्या) मधोमध, खालच्या बाजूची चेन बोटाने वर-खाली करा. एकूण हालचाल किती ते पट्टीने मोजा. छोट्या गाड्यांत साधारण २० ते ३० मिमी असते. नेमका आकडा बऱ्याचदा चेनकव्हरवर किंवा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) स्टिकरवर असतो. तो मिळाला तर तोच धरा. चेन पूर्ण झाकलेली असेल तर कव्हरला खाली रबरी बूच असतं, ते काढून मोजा. एका जागी मोजून थांबू नका. चाक पाव-पाव फेरा फिरवत चार ठिकाणी मोजा.

चेन घट्ट करण्याचा हव्यास नको. वजन पडून मागचे शॉकअप दबले की चेन आणखी ताणली जाते. स्टँडवर ‘मस्त टाइट’ वाटणारी चेन रस्त्यावर इंजिनच्या बाहेरच्या शाफ्टचं बेअरिंग ओढत राहते. सैल चेन निदान आवाज करून सांगते, घट्ट चेन गप्प बसून बेअरिंग खाते.

साफसफाईला रॉकेल आणि नरम ब्रश. चेन ओ-रिंगवाली (कड्यांत रबरी रिंगा असलेली) असेल तर पेट्रोल अजिबात नको, रबर फुगतं. पुसून कोरडी झाली की आतल्या बाजूने, म्हणजे स्प्रॉकेटला लागते त्या बाजूने, ९० नंबरचं गिअर ऑइल किंवा चेन स्प्रे. चाक फिरलं की ते आपोआप बाहेरच्या कडेला जातं. तासभर थांबा, जादाचं पुसा. दर ५०० किमीला, आणि पावसात भिजल्यावर. गंज सोडवायचा पातळ स्प्रे म्हणजे वंगण नव्हे.

हे सगळं चाक हाताने फिरवून करायचं. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणाऱ्यांची बोटं जातात. यात अतिशयोक्ती नाही.

शिकाऊ१२५

मोजमापं अशी आली. क्लचचा प्ले ३४ मिमी होता, खालून लावून १५ केला. न्यूट्रल आता येतं. आयडल स्क्रू अर्धा फेरा आत घेतला. चेन मात्र विचित्र आहे: एका जागी ४५ मिमी, समोरच्या जागी २२. सरासरी काढायची का? आणि ऑइल कोणतं घालायचं? कारसाठी आणलेला डबा शिल्लक आहे.

पानापकड

कारचं ऑइल नको. या इंजिनात तेच ऑइल इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच तिघांना पुरवायचं असतं, क्लचच्या प्लेटा त्यात बुडालेल्या असतात. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, प्लेटा घसरायला लागतात. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं मानक) लिहिलेलं हवं. घट्टपणा १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०, हे तुमच्या मॉडेलचं जे असेल ते. ऑइल भरायच्या झाकणावर किंवा जवळच्या कव्हरवर अनेकदा प्रमाणही कोरलेलं असतं, बहुधा ८०० मिली ते १ लिटरच्या दरम्यान.

इंजिन कोमट असताना काढा, उकळतं नको. खालच्या बोल्टचा वॉशर नवा घाला. बोल्ट आवळताना लांब पाईप लावू नका. केसिंग ऍल्युमिनियमचं असतं, आटे गेले की शंभर मिलीच्या गळतीसाठी सगळं इंजिन खोलायची पाळी येते. भरताना आधी १०० मिली कमी घाला, दोन-तीन मिनिटं गाडी चालू ठेवा, बंद करून तेवढंच थांबा, मग गाडी सरळ उभी करून ऑइल मोजायची काडी बघा. साइड स्टँडवर घेतलेलं माप खोटं. काडी पुसून नुसती टेकवायची की आटे फिरवून आत घालायची, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. बहुतेक ठिकाणी नुसती टेकवायची असते. जास्त भरलं तर ऑइल ब्रीदरच्या (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या) नळीतून एअर फिल्टरमध्ये जातं आणि गाडी धूर काढते.

जुनी गाडी आहे आणि आधीचा इतिहास माहीत नाही, तर टॅपेटही (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) बघून घ्या. इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतात, अशा इंजिनांत गॅप ०.०५ ते ०.१० मिमीच्या आसपास असतो. टकटक आवाज येणारं टॅपेट परवडलं. आवाजच नाही आणि गरम झाल्यावर गाडी चालू व्हायला कुरकुरते, ते जास्त वाईट. एग्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, जळतो. पहिल्यांदा हे काम मेकॅनिककडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा.

वळणावर

थोडं विषयांतर. ‘नवीन आहेस, पुढचा ब्रेक लावू नकोस’ असा सल्ला तुम्हाला मिळाला असेलच. तो चुकीचा आहे. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या चाकात असते, कारण ब्रेक लागताच वजन पुढे येतं. घसरतं ते पुढचा ब्रेक झटक्यात आवळल्यामुळे, वजन पुढे यायच्या आत. रिकाम्या, कोरड्या जागी २०च्या वेगाने सुरुवात करा, दोन्ही ब्रेक, पुढचा लिंबू पिळल्यासारखा वाढवत नेत. मग ३०, मग ४०. वळणात किंवा वाळूवर हँडल वळलेलं असताना मात्र पुढचा नको, वेग वळणाच्या आधीच उतरवा.

तेलाचा_डबा

सरासरी नाही! ४५ आणि २२ म्हणजे चेन सगळीकडे सारखी झिजलेली नाही, किंवा स्प्रॉकेट मध्यातून सरकलंय. नेहमी सर्वात घट्ट जागेवर मोजून ॲडजस्ट करायचं. त्या जागी २२ आहे, म्हणजे आणखी ओढायला वावच नाही आणि झटके जाणार नाहीत. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन धरून मागे ओढा. अर्ध्याहून जास्त दात उघडा पडला तर चेन संपली. दात एका बाजूला आकड्यासारखे वळलेत का तेही बघा. पुढचं स्प्रॉकेट, मागचं आणि चेन असा पूर्ण सेट बदला. जुन्या दातांवर घातलेली नवी चेन लवकरच जुनी होते.

बसवताना जोडकडीची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या कडीची) क्लिप बघा: तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला धावते त्या दिशेला, उघडं टोक मागे. ताण लावताना ऍक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट सैल, आणि काही गाड्यांत स्प्रॉकेटच्या बाजूला आणखी एक मोठा स्लीव्ह नट असतो, तोही सैल. मग दोन्ही बाजूंचे ऍडजस्टर सारखेच फेरे फिरवा, स्विंगआर्मवरच्या रेघा दोन्हीकडे एकाच खुणेवर आल्या पाहिजेत. नट आवळल्यावर प्ले पुन्हा मोजा, आवळताना तो बऱ्याचदा बदलतो.

चाक मागे गेलं की मागच्या ड्रम ब्रेकची सळई ताणली जाते. पेडलला २० ते ३० मिमी मोकळी हालचाल राहील असा तिचा नट सैल करा. चाक हाताने फिरवून ब्रेकचे लायनर घासत नाहीत ना आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो ना, हे बघा. ऍक्सलला स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून वाकवून घातलेली पिन) असेल तर ती नवी टाका, सरळ करून परत वाकवलेली जुनी पिन तुटते.