निंटेंडो वाय-फाय कनेक्शन: सेवा नक्की का बंद पडली, आणि जुना डीएस आज ऑनलाइन जातो का?

पिक्सेल_सातारा (धागाकर्ता)

निंटेंडोचा डीएस लाइट हा हातातला गेम कन्सोल आणि मारिओ कार्ट डीएस या शर्यतीच्या गेमचं जुनं, सेकंडहँड कार्ड माझ्याकडे आहे. गेममध्ये 'निंटेंडो डब्ल्यूएफसी' (वाय-फाय कनेक्शन, म्हणजे निंटेंडोची ऑनलाइन खेळायची सेवा) हा पर्याय दिसतो. घरचा राउटर यादीत कधी दिसतो, कधी दिसत नाही. दिसला तरी पासवर्ड टाकून जोडला जात नाही. दोन प्रश्न आहेत. २०१४ मध्ये नेमकं काय बंद झालं? आणि चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर हे कार्ड कार्डात काहीही बदल न करता चालेल का? राउटर ड्युअल बँड (२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) आहे, वाय-फायची सुरक्षा डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३.

तारायंत्र

आधी इतिहास, कारण त्यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सेवा अमेरिकेत १४ नोव्हेंबर २००५ ला सुरू झाली, मारिओ कार्ट डीएसबरोबरच. जपान आणि युरोप त्याच महिन्यात आले. २० मे २०१४ ला डीएस आणि वी (टीव्हीला जोडायचा निंटेंडोचा कन्सोल) या दोन्ही कन्सोलवरचं ऑनलाइन खेळणं थांबलं. वीचं ऑनलाइन दुकान त्यात नव्हतं, ते ३० जानेवारी २०१९ पर्यंत चाललं. म्हणजे 'निंटेंडोचं ऑनलाइन' म्हणून जे एक समजलं जातं, त्याचे तुकडे वेगवेगळ्या वेळी बंद झाले.

आता आतली रचना. गेम सुरू झाला की कन्सोल आधी निंटेंडोच्या ओळख तपासणाऱ्या सर्व्हरकडे जायचा आणि तिथून एक टोकन, म्हणजे ओळख पटल्याची डिजिटल चिठ्ठी, घ्यायचा. ते टोकन घेऊन गेमस्पाय या ऑनलाइन खेळासाठी सेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर लॉगिन व्हायचं. मित्रयादी, कोण ऑनलाइन आहे, कोणाची कोणाशी जोडी लावायची, हे सगळं गेमस्पायचं काम. आणि शर्यत सुरू झाली की सर्व्हर बाजूला! गाडी कुठे आहे, फेकलेलं कवच कोणाला लागलं, ही माहिती थेट कन्सोल ते कन्सोल जायची.

गेमस्पाय ऑगस्ट २०१२ मध्ये ग्लू मोबाइलने विकत घेतली. निंटेंडोने बंदची घोषणा फेब्रुवारी २०१४ मध्ये केली, गेमस्पायने एप्रिलमध्ये, आणि गेमस्पायची शेवटची तारीख होती ३१ मे. दोन तारखांत अकरा दिवसांचं अंतर. याला योगायोग मानणं मला तरी अवघड जातं. त्याच गेमस्पायवर उभे असलेले कित्येक पीसी गेमही तेव्हाच अडकले होते.

खेळाचा मूळ भार कन्सोलवरच होता, म्हणून चाहत्यांना फक्त पहिली दोन दारं पुन्हा बांधावी लागली. ते काम २०१४ मध्येच उभं राहिलं.

नेटकरी_१३

वरच्या प्रतिसादाशी सहमत. 'कार्डात बदल न करता चालेल का' याचं उत्तर: डीएसवर हो, योग्य सर्व्हर निवडला तर.

सुरुवातीला गेमची फाइल पॅच करावी (म्हणजे तिच्यात बदल करावा) लागायची, कारण टोकन घेण्याचा टप्पा सुरक्षित जोडणीवर होतो आणि डीएस समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे डिजिटल ओळखपत्र, तपासतो. मग त्या तपासणीतली एक चूक सापडली. प्रमाणपत्रावर निंटेंडोच्या साखळीतली सही आहे का, एवढंच डीएस पाहतो. सही करणाऱ्याला सही करायचा अधिकार होता का, हे पाहतच नाही. शिपायाच्या ओळखपत्रावर साहेबांची सही आहे, म्हणून शिपायाने स्वतः सही करून दिलेला दाखलाही खरा धरावा, तसं. त्यामुळे आता फक्त डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी सेवा) बदलून मूळ कार्ड चालतं. सगळेच सर्व्हर ही युक्ती वापरत नाहीत. २०११० हा एरर आला तर बहुतेक वेळा अर्थ एकच: निवडलेला सर्व्हर पॅच केलेला गेम मागतोय. वीचे गेम ही चूक करत नाहीत, तिथे साधारणपणे होमब्रूमधून (चाहत्यांनी बनवलेल्या अनधिकृत सॉफ्टवेअरमधून) पॅच करून खेळावं लागतं.

तुमचा अडथळा मात्र त्याच्या कितीतरी आधीचा आहे. डीएस लाइटला ८०२.११बी हा जुना वाय-फाय प्रकारच कळतं, तेही १ आणि २ एमबीपीएसनेच. सुरक्षा डब्ल्यूईपी (जुनी, कमकुवत पद्धत) किंवा काहीच नाही. डब्ल्यूपीए२ त्याला माहीतच नाही, म्हणून पासवर्ड बरोबर असूनही जोडणी होत नाही. डीएसआय किंवा ३डीएस हे नंतरचे कन्सोल घेऊनही फरक पडत नाही: त्या कन्सोलना डब्ल्यूपीए२ येतं, पण जुनं डीएस कार्ड घातलं की ते जुन्याच नियमाने चालतं.

राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झवर वेगळं गेस्ट नेटवर्क काढा. वाय-फायच्या बी/जी/एन पिढ्यांचा मिश्र मोड ठेवा. 'फक्त एन' किंवा 'फक्त एएक्स' असेल तर डीएसला ते दिसणारच नाही. चॅनल १, ६ किंवा ११ वर कायम करा, ऑटो नको. राउटरवर ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त सॉफ्टवेअर असेल तर लेगसी रेट्स (जुने, कमी वेग) चालू करा. नसतील तर नेटवर्क यादीत दिसूनही जोडलं जात नाही, आणि यातच लोकांचे तास जातात. नेटवर्क बिनपासवर्डचं ठेवा, पण घरच्या नेटवर्कपासून तोडलेलं आणि खेळून झालं की बंद. डब्ल्यूईपीच्या भरवशावर राहू नका, ते काही मिनिटांत फुटतं आणि सुरक्षित असल्याचा खोटा दिलासा देतं.

मग गेममधून: निंटेंडो डब्ल्यूएफसी, सेटिंग्ज, कनेक्शन १, नेटवर्क शोधा. जोडलं की त्याच पानावर खाली जा. आयपी आपोआप 'हो' राहू द्या, डीएनएस आपोआप 'नाही' करा, आणि प्रायमरीमध्ये सर्व्हरच्या प्रकल्पाने दिलेला पत्ता टाका. हे पत्ते बदलत असतात, म्हणून जुन्या व्हिडिओतला आकडा उचलू नका. सेकंडरीत गूगलचा किंवा कुठलाही सार्वजनिक डीएनएस घालू नका. मधूनच तिकडे चौकशी गेली की कन्सोल बंद पडलेल्या मूळ पत्त्याकडे धावतो. ही सेटिंग्ज कार्डात नाही, कन्सोलमध्ये साठतात, त्यामुळे दुसरं कार्ड घातलं तरी तीच लागू होतात.

फ्रेंडकोड

सेकंडहँड कार्डाबद्दल एक भर. पहिल्यांदा ऑनलाइन जाताना गेम सांगेल की या कार्डातली माहिती दुसऱ्या कन्सोलची आहे, पुढे गेलात तर मित्रयादी पुसली जाईल. तो बिघाड नाही. ओळख कन्सोल आणि कार्ड या जोडीला बांधलेली असते, जोडी तुटली की फ्रेंड कोड (मित्र जोडायचा क्रमांक) नवा.

बारा आकडी फ्रेंड कोडही नुसता क्रमांक नव्हता. त्यात प्रोफाइलचा क्रमांक आणि गेमच्या कोडवरून काढलेला तपास-आकडा एकत्र बांधलेला असतो. म्हणून एक आकडा चुकला तरी सर्व्हरला न विचारता गेम तो नाकारू शकतो, आणि एका गेमचा कोड दुसऱ्या गेममध्ये चालत नाही. अनोळखी माणसांपासून मुलांचं रक्षण होतं हे खरं, पण प्रत्येक गेमसाठी दोघांनी एकमेकांचे बारा आकडे टाकायचे, हा त्रास मला कधीच पटला नाही.

पिक्सेल_सातारा

गेस्ट नेटवर्कवर जोडणी झाली, चाचणी यशस्वी. लॉगिनही होतं. पण प्रतिस्पर्धी सापडल्यावर ८६४२० येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटचं नेट राउटरला दिलं आहे.

तारायंत्र

कारण तो हॉटस्पॉटच. ८६४२० म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलात, पण कन्सोल ते कन्सोल वाट उघडली नाही. मोबाइल नेटवर्कवर शेकडो ग्राहक एकाच सार्वजनिक आयपीमागे असतात, बाहेरून आलेली पाकिटं तुमच्यापर्यंत येत नाहीत. तिथे तुमच्या राउटरवर पोर्ट उघडून उपयोग नाही. फायबर लाइन लावून पाहा. तिथेही राउटरच्या वॅन (इंटरनेटच्या बाजूच्या) पानावरचा आयपी १०० पासून सुरू होणारा असेल (दुसरा आकडा ६४ ते १२७), तर तीच अडचण. कंपनीकडे सार्वजनिक आयपी मागा. तो मिळाला की यूपीएनपीच्या (पोर्ट आपोआप उघडणाऱ्या सोयीच्या) नादी न लागता डीएसला राउटरमध्ये स्थिर आयपी द्या आणि यूडीपीचे सगळे पोर्ट त्याच्याकडे वळवा. फक्त खेळताना.

नेटकरी_१३

फायबरवर गेल्यावर लॉगिनच थांबलं तर एक शक्यता लक्षात ठेवा: काही इंटरनेट सेवादार ५३ पोर्टवरची (डीएनएसची) सगळी चौकशी स्वतःच्याच डीएनएसकडे वळवतात. मग कन्सोलमध्ये काहीही पत्ता टाका, तो पाळलाच जात नाही. त्यावर उपाय म्हणजे राउटरच्या डीएनएसमास्कमध्ये (राउटरमधल्या छोट्या डीएनएस सर्व्हरमध्ये) निंटेंडोवायफाय डॉट नेट हे संपूर्ण डोमेन थेट सर्व्हरच्या आयपीला बांधायचं, आणि डीएसवर प्रायमरी म्हणून राउटरचाच पत्ता द्यायचा. चौकशी घराबाहेर जातच नाही.