मदत हवी आहे: फलकाच्या खांबाचा स्लिप बेस नक्की किती घट्ट आवळायचा?

नमस्कार मंडळी,

दोन खांबांवरच्या मोठ्या दिशाफलकाचं डिझाइन करतेय. तिथे गार्डरेल नाही, त्यामुळे गाडी आदळली तर खांबानेच वाट द्यायला हवी. खाली स्लिप बेस (बोल्टांनी आवळलेल्या, धडकेत एकमेकींवरून सरकून सुटणाऱ्या दोन प्लेटी) आणि फलकाच्या जरा खाली बिजागरी ठेवली आहे, म्हणजे खांब पायातून सुटून वर झुलेल आणि गाडी त्याखालून निघून जाईल. जमिनीत उरणारा बुंधा 100 मिमीपेक्षा उंच नाही, बिजागरी 2.1 मीटरच्या वर आहे. इथपर्यंत ठीक.

अडलंय ते बोल्टवर. जास्त आवळले तर घर्षण वाढून प्लेटी सरकतच नाहीत. सैल ठेवले तर वाऱ्याच्या थरथरीने बोल्ट खाचेतून हळूहळू बाहेर सरकतात. मधे पातळ कीपर प्लेट (बोल्टांना खाचेत धरून ठेवणारा पत्रा) घालणार आहे, पण बसवल्यानंतर टॉर्क (बोल्ट आवळल्याचा पीळ) किती दिवसांनी पुन्हा तपासता? गंज चढल्यावर काय करता?

मला जास्त भीती कमी वेगाची वाटते. मॅशच्या (रस्त्याकडेच्या सुरक्षा साधनांसाठीची अमेरिकी धडक-चाचणी नियमावली) चाचणीत 1100 किलोची छोटी गाडी ताशी 30 किमीनेही आदळवतात, कारण तेव्हा खांब सोडवायला ऊर्जाच कमी असते. आतल्या माणसाला बसणारा हिसका तिथेही तपासतात.

आणखी एक: जागा चौकाजवळ आहे, धडक कुठूनही बसू शकते. तिरक्या प्लेटींचा स्लिप बेस एकाच दिशेने नीट सुटतो. कुठल्याही दिशेने सुटणारा तीन बोल्टांचा त्रिकोणी बेस दोन खांबांच्या जड फलकाला कुणी वापरलाय का? प्रत्यक्ष बसवलेल्यांचा अनुभव हवाय, कृपया सविस्तर लिहा.